शेड जुळली, अक्कल कधी जुळणार?

हातातलं ते शेडकार्ड आधी खाली ठेव. महिनाभर तू ते घेऊन हिंडतोयस. सकाळच्या उन्हात धरून बघितलंस, ट्यूबलाइटखाली धरून बघितलंस, बिल्डिंगमधल्या चारचौघांना दाखवून झालं. गाडीवरच्या पट्टीवरून कलर कोड काढलास, सिल्की सिल्व्हर, झेड-टू-एस, आणि रंगवाल्याकडून मशीनवर मिसळून आणलास. इथपर्यंत शाबास. आता सांग, डब्याची मागची बाजू वाचलीस? हार्डनरच्या त्या छोट्या डब्यावर लाल चौकोनांखाली बारीक अक्षरात काय छापलंय? नाही वाचलंस. का? इंग्रजी येत नाही? येतं. डोळे अधू आहेत? नाहीत. वाचलं असतंस तर रविवारचा बेत मोडला असता, म्हणून वाचलं नाहीस. जे आपल्याला अडवेल ते दिसलंच नाही असं वागायचं, ही तुझी जुनी खोड. वर्कशॉपमध्ये होतास तेव्हाही हेच करायचास.

तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी शांतपणे समजावलं असतं. आयटीआयच्या त्या अख्ख्या बॅचमध्ये गन सरळ रेषेत नेणारा हात तुझा होता. मनगट न वळवता, पत्र्यापासून वीतभर अंतर राखून, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत जाणं तुला सांगावं लागलं नाही. थिनर काय, हार्डनर काय, फ्लॅश टाइम काय, सगळं तुझ्या वहीत लिहिलेलं आहे, तेही सुवाच्य अक्षरात. अडाण्याने केलं तर ती चूक म्हणायची. तू केलंस तर तो निव्वळ कामचुकारपणा आहे.

बेत काय आहे तुझा? मुलुंडच्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग. श्रावण महिना. भाड्याने आणलेला कॉम्प्रेसर. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं, पीयू क्लिअर. तोंडाला करोनात उरलेला निळा मास्क. आणि हे सगळं कशासाठी, तर गणपतीला गाडी कोकणात न्यायची आहे आणि गावात ती चकचकीत दिसली पाहिजे. पाच ओळींत पाच चुका. त्यातल्या तीन जिवावरच्या.

आधी हार्डनरचं बोलू, कारण त्याच्याबद्दल तू सगळ्यात जास्त सोंग घेतोयस. पीयू रंगाचं हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. बहुतेक डब्यांत हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेटपासून बनवलेलं. रंगातल्या रेझिनशी ते जोडलं जातं, म्हणून तो थर इतका कडक होतो, पेट्रोल सांडलं तरी विरघळत नाही, ऊन खातो. गुण खरे आहेत, नाकारत नाही. पण तेच रसायन तुझ्या फुप्फुसातल्या ओलाव्याशी आणि प्रथिनांशीही तितक्याच आवडीने जोडलं जातं. तिथे चकाकी येत नाही. तिथे दमा येतो.

भोपाळ आठवतं? पाठ्यपुस्तकात वाचलं असशील. १९८४, डिसेंबरमधली २ तारखेची रात्र, मिथिल आयसोसायनेट. तुझ्या डब्यातलं रसायन ते नव्हे, हे आधीच स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या म्हणशील सर घाबरवतात. तुझं रसायन फार कमी उडतं. डबा उघडल्याबरोबर ते खोली भरत नाही, म्हणून तर दुकानात फळीवर ठेवून विकता येतं. पण कूळ एकच. आणि तू त्याचं काय करणार आहेस? हवेच्या दाबाने गनमधून सोडून त्याचं धुकं करणार आहेस. जे आपणहून उडत नाही ते तू उडवणार, आणि त्या धुक्यात उभा राहून श्वास घेणार.

मग म्हणशील, मला काही झालं नाही, मागच्या वर्षी मित्राची बाइक मारली तेव्हा काही झालं नाही. बरोबर. आयसोसायनेटची तऱ्हाच ती. पहिल्यांदा होत नाही, दुसऱ्यांदा होत नाही. शरीर आतल्या आत ओळख ठेवतं. मग एके दिवशी काम आटोपून, अंघोळ करून, जेवायला बसतोस आणि छाती आवळून येते. काम सकाळी केलेलं असतं, त्रास संध्याकाळी सुरू होतो, म्हणून माणूस दोष हवेला देतो, पावसाला देतो, वडापावाच्या तेलाला देतो. एकदा का शरीराने ते धरलं, की पुढे एवढासा अंशही पुरतो. कुणी शेजारच्या गाळ्यात फवारलं तरी धाप लागते. उत्तम हात असलेले पेंटर या एका कारणाने धंदा सोडून बसतात. तुझा हात असा वाया जावा असं वाटतं तुला?

आणि वास येत नाही म्हणून ते हवेत नाही असं समजू नकोस. थिनरचा वास येतो, आयसोसायनेट अपायाच्या पातळीला पोचतं तरी नाकाला कळत नाही. फवारणी थांबल्यावर ते बारीक धुकं डोळ्यांनाही दिसत नाही, पण असतं. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याचं सांगणं आहे की टू-के रंग मारायचा तर पेंटरने बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क घालायचा, आणि बूथमधलं धुकं पूर्ण निघून जाईपर्यंत तो वर करायचा नाही. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय कामगाराला हा माल वापरायलाच देता येत नाही. ती माणसं भित्री आहेत का? त्यांनी छात्या मोजल्या आहेत. आपल्याकडे कुणी मोजत नाही, म्हणून आपल्याकडे कुणाला होत नाही असं तू धरून चाललायस.

आता तुझा तो निळा मास्क. तो समोरच्याच्या अंगावर शिंतोडे जाऊ नयेत म्हणून बनवलेला आहे. बाजूने अख्खी हवा आत येते. एन-९५ घातलास तरी धूळ अडेल, वाफ आरपार जाईल. रुमाल बांधणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, ओला रुमाल काय आणि कोरडा काय. साधा हार्डनर नसलेला रंग मारायलासुद्धा रबराचा अर्धा मास्क लागतो, त्याला सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज लागतं आणि त्याच्यावर थेंब अडवणारा फिल्टर लागतो. नागदेवी स्ट्रीटला मिळतो, घरबसल्याही मागवता येतो. महिनाभर शेडकार्ड घेऊन फिरायला वेळ होता, मशीद बंदरला उतरायला नव्हता? आणि मास्क आणलास तरी ती दाढी. तीन महिन्यांची जोपासलेली. केसांवर रबर बसत नाही. दाढीतून हवा आत येते. कार्ट्रिजही उघड्यावर टांगून ठेवलंस तर ते हवेतला वास पीत राहतं आणि कामाच्या दिवशी मेलेलं असतं. काम झालं की हवाबंद डब्यात.

हात थिनरने धुतोस ना अजून? मी शंभरदा ओरडलो असेन. थिनर कातडीतलं तेल काढून नेतं आणि मागून येणाऱ्या हार्डनरला दार उघडून देतं. नायट्राइलचे हातमोजे घाल. किराणा पॅक करायचे पातळ प्लास्टिकचे मोजे थिनरपुढे टिकत नाहीत.

“पण सर, गॅरेजवाले कुठे घालतात?” हे वाक्य तुझ्या जिभेवर तयार आहे, मला माहीत आहे. साकीनाक्याला जा, कुर्ल्याला जा, पत्र्याच्या शेडमध्ये पोरं उघड्या तोंडाने फवारताना दिसतील. खरं आहे. त्या पोरांना कुणी शिकवलं नाही, त्यांच्या शेटला मास्कचा खर्च नको आहे, आणि रोजी बुडेल म्हणून पोरं तोंड उघडत नाहीत. त्यांची लाचारी तू तुझ्या आळसाचं प्रमाणपत्र म्हणून वापरतोस? तुझी कसली लाचारी आहे? पगार वेळेवर होतो, रविवार मोकळा आहे, आणि गाडी स्वतःची आहे.

आता जागा. “तीन बाजूंनी उघडं आहे सर, हवा खेळती आहे.” कुठली हवा खेळते रे तुमच्या स्टिल्टमध्ये? एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसरीकडे मीटर रूम, मध्ये लिफ्ट आणि जिना. थिनरमध्ये टोल्युइन असतं, झायलीन असतं. त्यांची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. उताराने जाते, गटाराच्या जाळीतून उतरते, लिफ्टच्या खड्ड्यात साठते, मीटर रूमच्या उंबऱ्यातून आत शिरते. आणि टोल्युइनची वाफ पेट घेते ती ४ अंश सेल्सिअसलाही. मुंबईत पारा कधी ४ अंशांवर उतरलाय? म्हणजे आपल्या शहरात हा डबा बाराही महिने, चोवीस तास, पेटायला तयार असतो. हवेत शंभर भागांत सव्वा भाग झाला की पुरे, एक ठिणगी शोधायची बाकी. ती ठिणगी कुठून येईल विचारतोस? कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच तुला न विचारता मधूनच चालू-बंद होतो. लिफ्टचे रिले कटकट करतात. पंपरूमचा स्टार्टर ठरल्या वेळी पडतो. वॉचमन विडी पितो. तू टेबलफॅन लावणार आहेस म्हणे, वास बाहेर जावा म्हणून. वाफेच्या वाटेत विजेचं बटण आणि मोटर ठेवण्याची कल्पना कुणाची?

गोरेगाव पश्चिमेची जय भवानी इमारत विसरलास? ६ ऑक्टोबर २०२३, पहाटेची वेळ. खाली पार्किंगच्या जागेत साठवलेलं कापड आणि उभ्या गाड्या पेटल्या. तिथे कुणी रंग मारत नव्हतं. पण तळमजला पेटला की उंच इमारतीत काय होतं ते त्या पहाटे सगळ्या उपनगराने पाहिलं. धूर जिन्यातून वर चढला, माणसं झोपेतून उठून त्याच धुरात उतरायला लागली, आणि जीव गेले. तुमच्या बिल्डिंगलाही जिना एकच आहे. तो तुझ्या पार्किंगपासून किती पावलांवर आहे? मोज एकदा. पहिल्या मजल्यावरच्या त्या दमेकरी आजोबांना खाली यायचं झालं तर कुठून येतील?

बरं, पेटलंच तर काय करशील, हेही ठरवलेलं नाहीस. पाण्याची बादली म्हणालास. जळतं थिनर पाण्यावर तरंगतं आणि पसरतं. कोरड्या पावडरचं किंवा फोमचं सिलिंडर लागतं, वाळूची बादली लागते. सोसायटीच्या भिंतीवरचं ते लाल सिलिंडर कधी भरलंय, बघितलंस? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इथे बंब भिंतीवर आहे आणि रिकामा आहे, एवढाच फरक. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ती यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी सोसायटीवर टाकली आहे. सोसायटी म्हणजे कोण? वार्षिक सभेला दांडी मारणारा तूच ना?

आणि ते स्प्रे कॅन डिकीत ठेवून फिरतोस, ते आज काढ. ५० अंशांच्या वर नेऊ नये असं त्याच्यावर छापलेलं असतं. उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी आतून किती तापते ते तुला माहीत आहे. वाचत नाहीस, दुसरं काय.

आता रंगाची निवड. तुला वाटतं निवड म्हणजे शेड. शेड हा निवडीतला सगळ्यात सोपा भाग, तो मशीनने करून दिला. खरी निवड प्रकाराची. आणि प्रकार ठरतो तो तुझ्याकडे जागा कुठली, हवा कुठली, मास्क कुठला यावरून. तू उलटं केलंस. आधी चकाकी ठरवलीस, मग जागेकडे बघितलंस, मग जागा चालते म्हणून स्वतःची समजूत घातलीस.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचंच घे. झटपट वाळतो, हार्डनर लागत नाही, ओघळ आला तर घासून परत मारता येतो. शिकणाऱ्याला याच्यासारखा दयाळू रंग नाही. पण पावसाळ्यात तो पांढरा मारतो. का मारतो, वहीत लिहिलंयस: थिनर उडताना पत्रा गार करतं, दमट हवेतलं पाणी त्या ओल्या थरावर बसतं, आणि काळ्या रंगावरसुद्धा दुधी झाक येते. वर पेट्रोल सांडलं की डाग, आणि चकाकी टिकवायला वारंवार पॉलिश. सिंथेटिक एनॅमल खिडकीच्या ग्रिलला ठीक. गाडीवर मारलास तर तासन्‌तास ओला राहतो, रस्त्यावरची सगळी धूळ आणि डास त्याच्यावर चिकटतात. आणि पुढे कधी त्याच्यावर एनसी किंवा पीयू मारायला गेलास तर खालचा थर सुरकुततो, सगळं खरवडून काढावं लागतं. मेटॅलिक सिल्व्हरला बेसकोट आणि वर क्लिअर हेच खरं. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे कण असतात, ते कसे पडले त्यावर शेड गडद की फिकी दिसते. गन जवळ धरली, थर ओला पडला, तर कोड बरोबर असूनही दार वेगळं आणि फेंडर वेगळा दिसतो. म्हणजे शेडकार्डचा तुझा अख्खा महिना एका चुकीच्या हातात वाया. आणि मग तू म्हणणार, रंगवाल्याने चुकीचं मिसळलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

“मग वॉटर-बेस्ड आणतो.” आण. बेसकोट पाण्याचा असेल, थिनर कमी उडेल, चांगलंच आहे. पण त्याच्यावरच्या क्लिअरला हार्डनर तोच. आणि ते टू-केचे स्प्रे कॅन, ज्यांच्या बुडाशी एक बटण दाबून आतलं हार्डनर सोडायचं असतं, तेही तेच. कॅन छोटा आहे म्हणून रसायन सौम्य होत नाही.

एवढंसं तर आहे, हे तुझं लाडकं वाक्य. एवढंसं म्हणजे अख्खं बोनेट. साध्या गनमधून निघालेल्या रंगाचा निम्म्याहून जास्त भाग पत्र्यावर बसतच नाही, हवेत जातो. एचव्हीएलपी गन असती तर निम्म्याहून जास्त पत्र्यावर बसला असता, पण तू भाड्याने आणलीस ती साधी. म्हणजे जेवढं क्लिअर बोनेटवर, त्याहून जास्त तुझ्या छातीत, शेजारच्या नव्या गाडीच्या काचेवर आणि वरच्या मजल्याच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर. पीयूचा वाळलेला फवारा काचेवरून ब्लेडने खरवडावा लागतो. त्या वादात मला बोलावू नकोस.

आणि हवामान. श्रावणात रंग? आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांना टेकलेली असते. हिशेब करून दाखवतो, तुला गणित येतं. हवा २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के, तर दवबिंदू २५ च्या जरा वर. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. सावलीत उभ्या गाडीचा पत्रा किती असेल? २८. म्हणजे काठावरसुद्धा नाहीस. थिनर उडालं, पत्रा आणखी गार झाला, पाणी बसलं. कॉम्प्रेसरच्या टाकीतही त्याच हवेचं पाणी जमतं आणि गनमधून थेंब येतात. पाणी अडवणारा सापळा लावला आहेस नळीला? नाही. पीयूचं हार्डनर पाण्याशी जोडलं गेलं की वायू सुटतो, थरात बारीक फोड येतात. मग तू घासशील, परत मारशील, परत फोड, परत घासशील, आणि दर फेरीला तीच विषारी हवा नव्याने आत घेशील.

कोकणातल्या गणपतीला गाडी चमकली पाहिजे असं बाप्पाने सांगितलंय का? मुंबई-गोवा महामार्गावरच्या चिखलातून गेल्यावर पेणच्या पुढे कुणाला दिसणार आहे तुझं क्लिअर? गावाला जाताना गाडीचे ब्रेक, वायपर, टायर बघ. त्यासाठी शेडकार्ड लागत नाही, म्हणून तिकडे लक्ष नाही.

सगळ्यात जास्त राग मला एका वेगळ्याच गोष्टीचा आहे. फवारणीची घाई तुला आहे, घासायची नाही. रंगकामात दहा आणे काम फवारण्याच्या आधी होतं. आधी शाम्पूने धुणं, मग मेण-तेल काढणारं द्रावण, दोन फडकी, एकाने पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्याने टिपायचं. लांबी भरली की ऐंशी नंबरपासून वर चढत जायचं, प्रायमरला चारशे, बेसकोटच्या आधी आठशे, मध्ये एकही पायरी गाळायची नाही. ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासायचं, बोटांनी नाही, बोटांच्या खाचा क्लिअरखाली उठून दिसतात. बंपर प्लॅस्टिकचा, त्याला प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर, नाहीतर रंग सालासारखा निघतो. हे सगळं घरी करता येतं, बहुतेक पाण्याने, फारसा वास नाही, पेटायची भीती फवारणीच्या मानाने नगण्य. आणि नेमकं हेच तू टाळतोस, कारण यात व्हिडिओ काढण्यासारखं काही नाही. बोनेटच्या कोपऱ्यात पत्रा उघडा पाडलास, वर प्रायमरचा एक हात मारलास आणि आठवडाभर पावसात ठेवलास. प्रायमर पाणी धरतो. लांबी तर त्याहून जास्त धरते. आज तिथे नख लाव, खालून तांबूस येईल. त्याच्यावर जगातलं कितीही महागडं क्लिअर मारलंस तरी पुढच्या पावसाळ्यात फोड येणार.

जुना रंग कोरडा घासू नकोस, हे स्वतंत्रपणे सांगतो, कारण तुझ्या काकांची ती पिवळी जुनी गाडी तू पुढे घेणार आहेस. जुन्या पिवळ्या, लाल रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांच्या रंगांना ती नाही. ती धूळ घरात नेलीस तर तुझी मुलगी जमिनीवर रांगते. ओलं घास, पाणी गटारात सोडण्याआधी गाळ बसू दे, कपडे दारातच काढ. आणि पेंट रिमूव्हर बंद खोलीत उघडायचा नाही. त्यातल्या काही मालात मिथिलीन क्लोराइड असतं, ते शरीरात गेलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बाथरूममध्ये बाथटबचा रंग काढताना माणसं मेली आहेत.

त्या काकांच्या गाडीला ऑलिव्ह ग्रीन मारायची कल्पनाही डोक्यातून काढ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम, तो रंग फक्त लष्कराच्या गाड्यांना. दुसरा कुठलाही वेगळा रंग मारायचा तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, आधी आरटीओत विचार, मग डबा उघड. नाक्यावर हवालदाराशी हुज्जत घालण्यात शहाणपणा नाही.

तू ज्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरून रोज जातोस, त्या पट्ट्यातली माणसं रंगावर पोसली गेली आहेत. १९४२ साली गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केलं, पुढे भांडुपला याच रस्त्यावर त्यांचा कारखाना उभा राहिला. लोअर परळला नेरोलॅकची कंपनी १९२० पासून. कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनी रंगून बाहेर पडायची. या उपनगरात प्रत्येक चौथ्या चाळीत एक निवृत्त रंगारी बसलेला आहे, ज्याने आयुष्यभर हा वास घेतला. त्यातल्या एकाला जाऊन विचारलं असतंस, काका, श्रावणात पीयू मारू का? पण नाही. तू विचारलंस मोबाइलमधल्या एका परदेशी माणसाला, ज्याच्या गॅरेजला स्वतंत्र दार आहे, भोवती अंगण आहे, आणि हवा कोरडी आहे. त्याच्याही चेहऱ्यावर हवेच्या नळीचा मास्क होता. तो तेवढा तुला दिसला नाही.

ऐक आता काय करायचं ते. हार्डनरचा डबा उघडला नसशील तर दुकानात परत दे. उघडला असशील तर घट्ट बंद कर आणि आता तो वापरायचा विचार सोड, दमट हवा लागलेलं हार्डनर तसंही कामाचं राहत नाही. गटारात ओतायचा नाही. माझ्याकडे घेऊन ये, बूथवाल्याच्या टाकाऊ मालात जाईल. उरलेलं थिनर घरात स्वयंपाकघराच्या माळ्यावर नको, आईच्या देवघराजवळ तर मुळीच नको. बोनेटचा उघडा पडलेला कोपरा उद्याच कोरडा कर, पत्र्यापर्यंत घास, इपॉक्सी प्रायमर ब्रशने लाव, गनने नाही, आणि गाडी तशीच गावाला ने. ठिगळ दिसलं तर दिसू दे. इपॉक्सीचंही हार्डनर अंगाला लागू द्यायचं नाही, हातमोजे घालूनच, आणि गाडी उघड्यावर काढून.

दाराखालचा ओरखडा आणि बंपरचा कोपरा तू स्वतः कर, जरूर कर. दिवाळी उलटली की हवा कोरडी होते, तोपर्यंत थांब. साधा ॲक्रिलिक कॅन, हार्डनर नसलेला बेस आणि हार्डनर नसलेलं क्लिअर. टिकायला थोडं कमी, पण तुझ्या जागेला झेपतं. तेही स्टिल्टमध्ये नाही. मोकळ्या मैदानात, सेक्रेटरींना आधी सांगून, वारा पाठीकडून घेऊन, दुसऱ्यांच्या गाड्यांपासून लांब, पातळ हात, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. कार्ट्रिजचा मास्क लागेलच.

बोनेट मात्र तू फवारायचं नाहीस. बिजागऱ्यांच्या चार बोल्टांवर आहे ते, उतरव. घासणं, लांबी, प्रायमरचं घासणं, सगळं तू कर, आठशे नंबरपर्यंत आणून ठेव. गॅरेजवाला जे पैसे मागतो त्यातले बरेचसे याच मजुरीचे असतात, ते वाचतील. फक्त बेस आणि क्लिअर बूथमध्ये मारून घेऊ, जिथे हवा खेचणारा पंखा आहे आणि ६० अंशांवर भाजायची सोय आहे. बूथवाला माझ्या ओळखीचा आहे, नळीचा मास्क त्याच्याकडे आहे. तुला गन हातात हवीच असेल तर तिथे मी उभा राहीन आणि तू मार.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठला बोनेट घेऊन ये. कोपरे मी नखाने तपासणार आहे. आणि येताना दाढी करून ये.